सातव्या गाडीची खीळ

वनाभाऊ,

पत्र तुमच्या नावानं लिहितेय, पण वाचणार बाकीचे आहेत. तुम्हाला कागदाचा कंटाळा, मला माहीत आहे. तुमच्या लेकीनं, दीपमालानं, वाचून दाखवायला घेतलं तर पहिल्या ओळीलाच "ऱ्हाऊ दे व माय" म्हणाल आणि उठून अंगणात जाल. जा. पण गावात तुमची गोष्ट आता फार सुटसुटीत झाली आहे, आणि ती मला ऐकवत नाही. म्हाताऱ्याची नजर गेली, खीळ दिसली नाही, गाडी पडली, गावानं मोठ्या मनानं माफ केलं. चार तुकड्यांत आटपतात, वर चहा मागवतात. त्यातलं गाडी पडली एवढंच खरं आहे.

म्हणून मी सांगणार आहे, सगळं, लहानसहान गोष्टींसकट. मी तुमच्यासाठी कायम मास्तरीणबाईच राहिले. जळगावच्या कॉलेजात बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं हे पन्नासदा सांगून झालं, तुमच्या तोंडचा शब्द काही बदलला नाही. असो, गोष्टीतही तेच नाव राहू दे. आता तुमच्याकडं पाठ करते आणि लोकांशी बोलते.

*

सोनगीरहून आत सहा-सात किलोमीटरवर गाव आहे. वना सुतार तिथला. वय एकोणसत्तर, अंगानं काटक, बोलायला कमी. बैलगाड्या होत्या तेव्हा त्यानं बैलगाड्या केल्या, ट्रॅक्टर आले तेव्हा दारं-खिडक्या केल्या, आणि लोखंडी दारं आली तेव्हा लोकांच्या मोडक्या खाटा दुरुस्त केल्या. कामाला उशीर करायचा, हे खरं. मास्तरीणबाईंना त्यानं एक टेबल करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी न विचारता परत उचलून नेलं. का, तर एक पाय कागदाएवढा आखूड होता. बाई म्हणाल्या, खाली कागदच घालते ना. वनानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. टेबल सतरा दिवसांनी आलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधतात. आदल्या संध्याकाळी वना गावातल्या प्रत्येक झोक्याखाली जायचा, दोर हातात धरून दोन्ही पाय उचलून लटकायचा, मग पुढच्या झाडाकडं. कुणी सांगितलेलं नव्हतं. पोरी हसायच्या. "वनाआबा, तुम्ही बी गाणं म्हना." तो म्हणायचा, "दोर म्हनी ऱ्हायना, ते आयकू द्या." शेजारच्या घरातली रूपा चार वर्षांची असताना तिच्या झग्याची कड झोक्याच्या फळीत अडकून फाटायची, तर यानं फळी काढून चारही कडा गोल करून दिल्या. रूपा आता तिशीची आहे. तिचं नाव पुढं येणार आहे, लक्षात ठेवा.

तर आखाजीच्या चौथ्या दिवशी आमच्या गावात बारागाड्या ओढतात. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. बारा बैलगाड्या एकामागं एक दोरखंडानं बांधायच्या, बैल जुंपायचे नाहीत, गाड्यांवर माणसं चढवायची, आणि कमरेला दोर बांधलेल्या भगतानं देवीचं नाव घेऊन त्या ओढायच्या. देवळापासून नदीच्या उतारापर्यंत दोनशे पावलं. उतार आहे, मागून लोक रेटतात, त्यामुळं गाड्या पळतात. पळत्या बारा गाड्या थांबवायला कुणाच्या हातात काहीच नसतं. दोन्ही बाजूंना गाव उभं असतं, दोन हातांवर.

बैलगाडीचं चाक आसावर नुसतं घातलेलं असतं. ते बाहेर निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला भोक पाडून एक बोटभर लोखंडी खीळ आडवी घालतात. बारा गाड्यांना अशा चोवीस खिळी. त्या ठोकून पाहायचा मान वनाच्या घराण्याकडं. डावा तळहात चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या लाकडी गाभ्यावर, ठेवायचा, उजव्या हातानं खिळीवर तीन ठोके द्यायचे. खीळ घट्ट असली की ठोका तळहाताला लागतो. सैल असली की नुसता कानाला ऐकू येतो, तळहात गप्प. मला हे वनानंच सांगितलं, आणि विज्ञान शिकवणारी म्हणून मी ते पडताळून पाहायला एक गाडी गाठली होती. तंतोतंत खरं आहे.

आणखी एक. तो शेवटच्या गाडीपासून सुरू करायचा. बापानं शिकवलं होतं, की पहिल्या गाडीकडं सगळे पाहतात, बाराव्या गाडीकडं कुणी पाहत नाही, आणि काम करणारा शेवटाला थकलेला असतो. म्हणून जी कुणी पाहत नाही ती ताज्या हातानं ठोकायची. चोवीस खिळींना पाऊण तास लागायचा. ठोकून झालेल्या चाकाला झुंबरबाई, म्हणजे वनाची बायको, हळदीचं बोट लावायची. हळद ही खूण होती. हे चाक झालं, एवढाच तिचा अर्थ.

आता इथं माणसांनी काय करून ठेवलं पाहा. तीन ठोके, हळद, नारळ, दरवर्षी तेच. दोन पिढ्यांत लोकांनी त्याचं नाव चाकपूजा ठेवलं. नाव ठेवल्यावर ती पूजाच झाली. पत्रिकेत छापून येऊ लागली, "सायंकाळी साडेचार वाजता चाकपूजा". आणि पूजा म्हटली की ती थोडक्यात उरकता येते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

गेल्या वर्षी यात्रा कमिटीचा सचिव हितेंद्र होता. खतांचं दुकान, स्वच्छ शर्ट, बोलायला गोड. पाहुणे पाच वाजता येणार होते, मोठे होते, त्यांना पुढं अजून दोन यात्रा होत्या. साडेचारला वना हातोडी घेऊन बाराव्या गाडीकडं निघाला तर हितेंद्रनं त्याला अडवलं.

"आबा, तिकडं कुठं? फोटोग्राफर इकडं पुढं उभाय. पहिल्या गाडीला पाहुण्यांच्या हातून तीन ठोके मारू, तुम्ही शेजारी उभे राहा. बाकीच्यांना बाया हळद लावून घेतील."

"बाकीना कोन ठोकी?"

"प्रतीकात्मक करू ना आबा. एका गाडीची पूजा म्हणजे बाराही गाड्यांची आली."

"पूजा नही शे ती, भो."

"मग काय शे?" हितेंद्र हसत म्हणाला. घरात तोही अहिराणीच बोलतो.

"काम शे."

हितेंद्रनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ठेवणाऱ्या माणसांची मला मनापासून चीड आहे. हात खांद्यावर असतो आणि आपल्याला बाजूला सरकवत असतो.

वना सरकला नाही. तो मागं गेला आणि बाराव्या गाडीपासून त्यानं सुरुवात केली. बारा, अकरा, दहा, नऊ, आठ. घाई करता येईना, कारण तळहाताला लागलं की नाही हे घाईत कळत नाही. दहाव्या गाडीची एक खीळ त्यानं काढून पुन्हा बसवली. पण त्याच्या आधीच बायांना कुणीतरी सांगून टाकलं होतं, की हळद लावून मोकळ्या व्हा. चोवीसही चाकं पिवळी झाली होती. झुंबरबाई हळदीची वाटी घेऊन उभी राहिली, कुठल्या चाकाला बोट लावायचं तेच तिला कळेना.

सातवी गाडी समाधान नावाच्या शेतकऱ्याची. झेंडू, विजेच्या माळा, आणि चाकाच्या मधोमध चकचकीत चंदेरी कागद गुंडाळलेला, खिळीसकट. वनानं तुंब्यावर तळहात ठेवला. हातोडी उचलली. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून नाव आलं, "चाकपूजेचे परंपरागत मानकरी वना आबा, त्यांनी ताबडतोब स्टेजजवळ यावं," आणि दोघा कार्यकर्त्यांनी त्याला दंडाला धरून नेलं. धक्काबुक्की नाही, अगदी आदरानं. म्हाताऱ्या माणसाला आदरानं उचललं की त्याला ओरडताही येत नाही.

पाहुण्यांनी पहिल्या गाडीला तीन ठोके मारले. खीळ कुठली ते त्यांना दिसलं नाही, लाकडावर मारले. फोटो झाला. वनाला टोपी, उपरणं, नारळ. माइक त्याच्या तोंडासमोर आला तेव्हा तो म्हणाला, "सात गाड्या बाकी शेत." सूत्रसंचालन करणारा हसला. "आबांचं वय झालं, पण कामाची हौस बघा. टाळ्या." टाळ्या झाल्या. वनानं पुन्हा तेच सांगितलं, पण माइक तोवर पाहुण्यांच्या हातात गेला होता.

तो स्टेजवरून उतरला आणि सातव्या गाडीकडं निघाला. गर्दीतून वाट काढताना भगताचा आवाज आला, डफ वाजला, दोरखंड ताणले. वनानं हात वर केला. थांबा म्हणायला. हातात नारळ होता.

या क्षणाचा व्हिडिओ आहे. गावात दोनशे फोनांत आहे. त्यात डोक्यावर नवी टोपी घातलेला मानकरी नारळ उंच धरतो आणि गाड्या सुटतात. ज्यानं पाहिला तो म्हणाला, बघा, यानंच इशारा दिला.

सातव्या गाडीचं डावं चाक साठाव्या पावलावर निघालं. गाडी कलली, वरची माणसं उड्या टाकून वाचली, पण गाडीचा कठडा रस्त्याकडेच्या ओट्यावर आदळला. ओट्यावर रूपा उभी होती. डाव्या पायाची दोन्ही हाडं मोडली, आणि घोटा चेंगरला. तिला धुळ्याला नेलं.

चंदेरी कागदात बाभळीची खुंटी निघाली. सकाळी चाकाला वंगण घालताना समाधानची खीळ चाऱ्यात पडली, सापडेना, म्हणून त्यानं तात्पुरती खुंटी घातली. त्यानं वनाला हे स्वतः सांगितलं, रात्री घरी येऊन, रडत. "आबा, माले वाटनं तुम्ही ठोकशात तवय कळीच जाई. तवय दुसरी घालूत."

मला समाधानचा तेवढा राग येत नाही. त्यानं भरवसा ठेवला होता, तो मोडला दुसऱ्यांनीच. राग येतो तो हा, की पंचनाम्यात त्यानं खीळ सकाळी होती असं सांगितलं, आणि रडायला मात्र वनाच्या दारात आला.

पंचनाम्याला आलेला हवालदार मूर्ख नव्हता. पण त्याच्यासमोर कमिटीचं प्रोसिडिंगचं रजिस्टर होतं आणि त्यात हितेंद्रच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, "चाकपूजा परंपरेनुसार श्री. वना सुतार यांच्या हस्ते विधिवत पार पडली." पाहुण्यांच्या हस्ते फोटोत, वनाच्या हस्ते रजिस्टरात. ते वाक्य दोन दिवस आधी लिहून ठेवलेलं होतं, कारण कार्यक्रम आधीच छापलेला होता. मी पाहिलंय ते पान. शाई वेगळी आहे.

"बाबा, नारळ घेतला ना तुम्ही?" हवालदारानं विचारलं.

"लिधा."

"मान म्हणून?"

"व्हय."

"मान कशाचा?"

याला वनानं काय उत्तर द्यायचं? साठ वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला असता तर त्यानं चोवीस खिळी मोजून दाखवल्या असत्या. आता विचारला, तो अशा वेळी, की खरं उत्तरच त्याच्या विरुद्ध जात होतं.

घरी झुंबरबाईनं विचारलं, "काम व्हयनं नही ते नारळ कसाले लिधा?"

"चार लोकंसना समोर देतस. काय फेकी देऊ?"

"फेकना व्हता."

एवढंच बोलणं झालं. ती स्वयंपाकघरात गेली. चोवीसातल्या कुठल्या चाकाला आपण हळद लावली आणि कुठल्या नाही, हे ती स्वतःशी मोजत होती, आणि ते तिला आठवेना. तिनंही लावली असेल का त्या सातव्याला? बाकी बायांबरोबर, गडबडीत? हा प्रश्न तिनं पुढं कितीतरी दिवस धरून ठेवला.

गावानं वनाला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. गावानं त्याला माफ केलं. आठ दिवसांनी कमिटी बसली, प्रेमराज आबा अध्यक्ष, त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, जाऊ द्या, वय झालं, माणूस चुकतो. हितेंद्रनं निरोप आणला.

"आबा, देवीपुढं नारळ फोडून टाका एकदा. विषय संपला. गावानं माफ केलंय तुम्हाला."

"कसानी माफी?"

"आता ते उकरत बसू नका ना."

"कसानी माफी ते सांग."

हितेंद्रला खरंच वाईट वाटत होतं, हे मी अमान्य करणार नाही. त्याला असं वाटत होतं की आपण एका म्हाताऱ्याला सांभाळून घेतोय. स्वतःला फसवायला फार हुशारी लागत नाही, थोडी घाई पुरते. पाऊण तास वाचवला होता त्यानं. एका बाईचा पाय आणि एका माणसाचं नाव, आणि बदल्यात पाऊण तास, तोही पाहुण्यांनी भाषणात घालवला.

वना नारळ फोडायला गेला नाही. लोक म्हणाले, ताठा पाहा म्हाताऱ्याचा. दुकानासमोरून जाताना बोलणं थांबू लागलं. एकानं मोडकी खाट दुरुस्तीला दिली होती, ती न सांगता उचलून नेली.

आखाजीला माहेरी आलेल्या मास्तरीणबाई तोवर गावात भावाकडंच होत्या. त्या वनाच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि जे तोंडात आलं ते बोलल्या. तहसीलदारांकडं अर्ज करू, पोलीस अधीक्षकांकडं करू, कमिटीची नोंदणी कुठल्या कार्यालयात आहे ते शोधू, रजिस्टरच्या पानाची प्रत मागू. वना खाली मान घालून एका खाटेच्या पायाला घासत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला,

"बाई, तुम्ही धुयाले जाशात ना?"

"उद्याच जाणार आहे. कलेक्टर कचेरीत."

"तठे दवाखाना मा रूपा शे."

"माहीत आहे."

"तिले इतलंच सांगा. ते चाक मी ठोकेल नव्हतं. हातोडी उचली तवयच माले लई गयात."

"तुम्ही का नाही जात?"

त्यानं घासणं थांबवलं. "मन्हं तोंड देखीसन ती काय म्हनी? मी सांगं ते बचाव वाटी. तुम्ही सांगं ते सांगनं वाटी." मग पुन्हा घासता घासता, "बाकीनासले काय बी वाटू दे. ती नहानपनपाईन मन्हा दोरवर झोका लेयेल शे. तिले वाटाले नको का मी नीट देखं नही."

बाई म्हणाल्या, सांगते.

दुसऱ्या दिवशी त्या धुळ्याला गेल्या. अर्जाच्या तीन प्रती काढल्या, एका प्रतीवर पोचशिक्का घेतला, बाकी दोन ठिकाणी साहेब बाहेर होते. दवाखाना तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर होता, दुसरा मजला, बाईंना खाटेचा नंबरही माहीत होता. दुपार झाली होती. त्यांना वाटलं, हाती काही ठोस आलं की जाऊ. नुसतं एक वाक्य सांगायला काय जायचं, चौकशीचा आदेश घेऊनच जाऊ, तिलाही बरं वाटेल. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या, तेव्हा आवक-जावक विभागात दोन तास गेले. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा अर्ज अकरा पानांचा झाला होता, आकृतीसकट. आसावर किती बळ येतं आणि बाभळीची खुंटी किती सोसते याचं गणित त्यात होतं. उत्तम गणित होतं. कारकुनानं ते फायलीत लावलं.

मधे एकदा वनाचा फोन आला. "रूपाले सांगं का, बाई?"

"आज जातेय," बाई म्हणाल्या. त्या तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात उभ्या होत्या.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. माणूस एकदाच विचारणारा. महिनाभरात त्यानं हत्यारं पेटीत घातली आणि झुंबरबाईला घेऊन मुलीकडं एरंडोलला गेला. दाराला कुलूप लावताना कडी नीट बसली की नाही हे त्यानं दोनदा ओढून पाहिलं, असं शेजारणीनं सांगितलं. शेजारीण म्हणजे रूपाची आई. ती दारात उभी होती, पण त्याच्याशी बोलली नाही.

अर्जावर चौकशीचा आदेश निघाला नाही. बाई शेवटी दवाखान्यात गेल्या तेव्हा त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. रूपाला सासरच्यांनी नेलं होतं, शिंदखेड्याच्या पुढं, गावाचं नाव नर्सनं वहीत पाहून सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. तिथं बस जाते, सोनगीरहून तास-दीड तासाची वाट आहे. यंदाची आखाजीही होऊन गेली. रूपा माहेरी आली नाही, आणि तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.